मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळाचं गणित (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने नेमकं किती अंतर आहे?

सहारच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं कमीत कमी अंतर साधारण १२,५५० किलोमीटर आहे. मैलात सांगायचं तर जवळपास ७,८००. वैमानिक सागरी मैल वापरतात (१ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), त्या हिशोबाने हे अंतर सुमारे ६,७७५ होतं. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वेगवेगळे आकडे दिसतात त्याचं निम्मं कारण हेच: एक जण साधे मैल लिहितो, दुसरा सागरी. उरलेलं कारण असं की कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी विमानतळापासून. पाच-पन्नास किलोमीटरच्या अशा फरकाने प्रवासात काही बदलत नाही.

नेवार्क विमानतळ न्यू जर्सीत असला तरी मुंबईहून त्याचं अंतर जेएफकेइतकंच धरा.

न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, मग नकाशात विमान उत्तरेकडे का जाताना दिसतं?

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल, म्हणून. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो अरबी समुद्राकडे वळणारच नाही. मुंबईतून तो वायव्येपेक्षाही जास्त उत्तरेकडे झुकून निघतो. कच्छच्या बाजूने सिंध, मग कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँडमध्ये रेकयाविकच्या आसपास, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, अमेरिकेतलं मेन राज्य आणि मग न्यूयॉर्क. वाटेत हा दोरा जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या अगदी जवळ.

या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता हाच. १२,५५० हा आकडा या रेषेचा आहे. विमान नेमकं याच रेषेवरून उडेल असं मात्र नाही, त्याबद्दल पुढे.

उड्डाणाला किती तास लागतात?

न थांबता जाणाऱ्या विमानाला मुंबईहून न्यूयॉर्कला साधारण साडेपंधरा ते सोळा तास, आणि परतीला साधारण चौदा ते साडेचौदा-पंधरा तास.

हिशोब असा. बोईंग ७७७ किंवा एअरबस ए३५० यांसारखं मोठं विमान उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. वारा अजिबात नसता तर १२,५५० भागिले ९०० म्हणजे चौदाला थोडे कमी तास. जाताना समोरून सरासरी ६० किलोमीटरचा वारा आहे असं धरा, म्हणजे जमिनीवरचा वेग ८४० झाला. तेच अंतर आता पंधरा तासांचं झालं. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोचणं यांचा मिळून अर्धा-पाऊण तास घाला. वाट थोडी वाकडी असेल तर आणखी थोडा. दर जादा १०० किलोमीटरला सुमारे सात मिनिटं, हे प्रमाण लक्षात ठेवलं की कुठल्याही मार्गाचा अंदाज स्वतःच काढता येतो.

परत येताना वेळ कमी का लागतो?

जेट प्रवाहामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा जोरदार वारा असतो. मध्य अक्षांशांवर तो ताशी दीड-दोनशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो, आणि हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा जास्त जोर धरतो. न्यूयॉर्कहून निघालेलं विमान अटलांटिकवर मुद्दाम त्या प्रवाहात शिरतं, तर मुंबईहून जाणारं त्याला बगल देतं. पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, हे उत्तर बरेच जण देतात, पण ते चूक आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते, विमान त्या हवेतूनच उडतं.

डिसेंबर-जानेवारीत जाताना वेळ वाढलेला आणि येताना घटलेला दिसला तर त्याचं कारण बहुतेक वेळा हाच वारा असतो.

गेल्या वर्षीपेक्षा या वर्षीचं वेळापत्रक लांब दिसतंय, असं का?

विमान कोणत्या देशांवरून जाऊ शकतं यावर ते ठरतं, आणि गेल्या काही वर्षांत याच बाबतीत सगळ्यात जास्त उलथापालथ झाली आहे. बालाकोटनंतर २०१९ च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडणं बंद झालं. भारतीय कंपन्यांना रशियाने ती बंदी घातली नव्हती. पण २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराकची आकाशंही काही दिवस बंद होती.

आता दोऱ्याची वाट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तिच्यात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशिया तिन्ही आहेत. ती वाट मिळत नसेल तर विमान मुंबईहून अरबी समुद्रावर जातं, आखातावरून किंवा इराणवरून तुर्कस्तान, मग युरोप आणि अटलांटिक. इस्तंबूलवरून गेलं तर एकूण अंतर सुमारे १२,९०० किलोमीटर भरतं, म्हणजे जेमतेम साडेतीनशे किलोमीटर जादा. मुंबई समुद्राकाठी असल्यामुळे तिला दिल्लीपेक्षा कमी वळसा पडतो, कारण दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेकडे खाली यावं लागतं. इराणही बंद झालं की सौदी अरेबियावरून जावं लागतं, आणि मग अर्धा-पाऊण तास आणखी वाढतो.

त्यामुळे अमुक विमान पंधरा तासांत पोचवतं असं दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असेल तर तो आकडा आज धरू नका. तिकीट काढताना पडद्यावर दिसणारा वेळच प्रमाण माना, आणि निघायच्या आठवड्यात तो पुन्हा तपासा.

तिकिटावर १५ तास ४५ मिनिटं लिहिलंय, पण वैमानिकाने चौदा तास पन्नास मिनिटं सांगितली. खरं काय?

दोन्ही. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, वैमानिक फक्त हवेतला वेळ सांगतो. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतातच. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि निघताना रांगेत उभं राहणं ठरलेलंच आहे.

दोन्ही शहरांच्या घड्याळात किती फरक आहे?

उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मुंबई नेहमी पुढे.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपलं घड्याळ बदलत नाही. युरोपात हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणून मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यातला एक आठवडा लंडन-न्यूयॉर्कमधला नेहमीचा फरकही बदललेला असतो. त्या दिवसांत लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जात असाल तर जोडविमानाची वेळ डोक्यात न मोजता तिकिटावरच वाचा.

प्रवासाचा वेळ काढायची खात्रीची पद्धत एकच: आधी सगळं भारतीय वेळेत मोजायचं, शेवटी एकदाच बदलायचं. समजा विमान मुंबईहून रात्री १:३० ला निघतं आणि १५ तास ४५ मिनिटं घेतं. भारतीय वेळेने ते संध्याकाळी ५:१५ ला पोचलं. त्यातून उन्हाळ्यात साडेनऊ तास वजा करा: सकाळचे ७:४५, तारीख तीच. हिवाळ्यात साडेदहा वजा करा: ६:४५.

परतीला न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघालात आणि प्रवास साडेचौदा तासांचा असेल, तर उन्हाळ्यात निघताना भारतात रात्रीचे ९ वाजलेले असतात. पोचाल दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला. घड्याळ पाहिलं तर पूर्ण एक दिवस गेला असं वाटतं, प्रत्यक्षात साडेचौदाच तास गेलेले असतात.

१५ तारखेचं रात्री ००:४५ चं विमान आहे. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेला रात्री. हे उत्तर घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांत ही चूक वारंवार होते. तिकिटावर १५ तारीख असते, घरात सगळे ‘पंधराला निघायचंय’ म्हणतात, गाडी पंधराच्या रात्रीची सांगितली जाते, आणि काउंटरवर पोचल्यावर कळतं की विमान वीस-बावीस तासांपूर्वीच गेलं. अशा वेळी तिकीट ‘नो-शो’ धरलं जातं आणि बहुतेक तिकिटांवर परतीचा प्रवासही आपोआप रद्द होतो. म्हणून कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका. घरातून निघायचा वार, तारीख आणि वेळ लिहा: ‘मंगळवार १४, रात्री ८ ला गाडी.’

ही विमानं मध्यरात्रीच का असतात?

कारणं दोन. एक सोयीचं: रात्री निघालं की न्यूयॉर्कला सकाळी पोचता येतं आणि पुढची अंतर्गत विमानं पकडता येतात. दुसरं भौतिकशास्त्राचं. गरम हवा विरळ असते. तिच्यात पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. बोईंग ७७७-३००ईआरचं उड्डाणावेळचं कमाल वजन ३५१ टन असतं आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले सुमारे १४५ टन नुसतं इंधन. सोळा तासांच्या प्रवासाला विमान या मर्यादेजवळच निघतं. एप्रिल-मेच्या दुपारी तेवढं वजन उचलायला लांब धाव लागते, नाहीतर माल उतरवावा लागतो. रात्रीचे पाच-सात अंश कमी तापमानही कामाला येतं.

याच वेळेमुळे डिसेंबरमध्ये एक वेगळाच अनुभव मिळतो. मुंबईत संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि विमान रात्रीच्याच दिशेने पळत राहतं. न्यूयॉर्कला उतरताना तिथे अजून उजाडलेलं नसतं. दोन सूर्यप्रकाशांमध्ये जवळजवळ पावणेचोवीस तासांची सलग रात्र. खिडकीची सीट घेऊन सूर्योदय बघायचा बेत असेल तर तो उन्हाळ्यासाठी ठेवा.

‘नॉनस्टॉप’ आणि ‘डायरेक्ट’ एकच ना?

नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही उतरणं नाही. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक एकच, पण मध्ये ते एखाद्या शहरात उतरू शकतं. तिकीट काढताना ‘स्टॉप’च्या रकान्यात शून्य आहे का ते बघा. हवाई हद्द बंद असताना काही लांबच्या उड्डाणांना इंधन भरायला मध्ये थांबावं लागतं. त्याला तांत्रिक थांबा म्हणतात आणि त्यात सहसा प्रवाशांना खाली उतरू देत नाहीत.

कोणत्या शहरामार्गे गेलं तर लांबचा फेरा पडत नाही?

अंतराच्या दृष्टीने फेरा जवळपास कुठेच पडत नाही. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५० मिळून सुमारे १२,७५०. फ्रँकफर्टमार्गे जवळपास तेवढंच. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे सुमारे १२,९५०. दिल्लीमार्गेही १२,९०० च्या आसपास. दोन-चारशे किलोमीटर म्हणजे पंधरा ते तीस मिनिटं. वेळ जातो तो थांब्यात: एक उतरणं, एक सुरक्षा तपासणी, वाट पाहणं, पुन्हा चढणं. म्हणून एका थांब्याचा प्रवास अठरा तासांचाही असतो आणि तीस तासांचाही.

आखात की युरोप, हे प्रवासाचे तुकडे कसे पडतात त्यावर ठरवा. दुबई-दोहामार्गे पहिला टप्पा तीन-साडेतीन तासांचा आणि दुसरा चौदाचा, त्यामुळे बसण्याचा त्रास नॉनस्टॉपपेक्षा फारसा कमी होत नाही. लंडन-फ्रँकफर्टमार्गे नऊ-दहा आणि आठ-नऊ असे बरोबरीचे तुकडे पडतात. गुडघे-पाठ दुखणाऱ्या माणसाला आमच्या मते हेच बरं. अबू धाबीची एक सोय वेगळी आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता.

युरोपात थांबणार असाल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा नियम तिकिटाआधी पाहा. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण ती देशागणिक बदलते, आणि दोन स्वतंत्र तिकिटं असतील तर ती उपयोगी पडेलच असं नाही.

मधला थांबा किती तासांचा ठेवावा?

एकाच तिकिटावर असाल तर दोन ते तीन तास. दीड तासाचा थांबा कंपनी विकते म्हणजे तो पुरतो असं धरू नका. मुंबईहून विमान पाऊण तास उशिरा निघालं की तो संपला. पण एकच तिकीट असेल तर चुकलेल्या विमानाऐवजी दुसरं देणं हे कंपनीचं काम असतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी कुणाचीच नसते, आणि मग पाच-सहा तासही कमीच.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलस, शिकागो वगैरे जायचं असेल तर तीन तास ठेवाच. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन होतं, आणि सामान शेवटच्या शहरापर्यंत टॅग केलेलं असलं तरी सहसा तिथे पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा करावं लागतं. सामान आपोआप पुढे जाईल असं समजून बॅगा तिथेच सोडून गेलेल्यांच्या बॅगा मागे राहतात.

जेएफके घ्यावा की नेवार्क?

जायचं कुठे आहे ते बघा. एडिसन, जर्सी सिटी किंवा प्रिन्स्टनकडे राहणाऱ्यांसाठी नेवार्क. क्वीन्स, ब्रुकलिन किंवा लाँग आयलंडसाठी जेएफके. जेएफकेहून एडिसनला जायचं तर अख्खं शहर आणि खाडीवरचे पूल ओलांडावे लागतात. सकाळच्या गर्दीत त्याला दोन तासही लागतात. एका ठिकाणी उतरून पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असलेलं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

घरून किती आधी निघायचं?

विमानाच्या वेळेआधी साडेतीन ते चार तास विमानतळाच्या दारात असा. अमेरिकेच्या विमानांचे काउंटर साधारण ६० ते ७५ मिनिटं आधी बंद होतात, आणि गेटजवळ हातसामानाची आणखी एक तपासणी होऊ शकते.

रस्त्याचा वेळ यापलीकडचा. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून सहार उन्नत मार्ग थेट टर्मिनल २ च्या दाराशी नेतो, पण महामार्गापर्यंत पोचणंच संध्याकाळी सातच्या सुमाराला कठीण होतं. ठाणे किंवा बोरिवलीहून दीड ते दोन तास, डोंबिवली-कल्याणहून अडीच, पुण्याहून किमान पाच धरा. मोठा पाऊस किंवा गणपती विसर्जनाचा दिवस असेल तर त्यात दोन तास वाढवा. भूमिगत मेट्रो ३ चं स्थानक टर्मिनल २ लाच आहे. हातात एकच बॅग असेल तर उत्तम, पण रात्री उशिरा ती बंद असते.

आणि निघण्याआधी तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ. एनएमआय म्हणजे उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला. नागपूर किंवा गोव्याहून जोडविमानाने येत असाल आणि ते एनएमआयला उतरत असेल, तर बॅगा घेऊन खाडी ओलांडून सहारला यावं लागेल. त्यासाठी पाच तासांचं अंतर तरी ठेवा.

आई-बाबा पहिल्यांदाच एकटे येणार आहेत. काय काळजी घ्यावी?

शक्य असेल तर नॉनस्टॉप. ते महाग पडलं तर एकच थांबा, आणि तोही एकाच टर्मिनलमधला.

व्हीलचेअर किमान ४८ तास आधी कंपनीकडे नोंदवा. आई चालू शकते, हे खरं असलं तरी नोंदवा. जेएफकेला गेटपासून इमिग्रेशनपर्यंतची चाल मोठी असते, रांगेत तास-दोन तास उभं राहावं लागू शकतं, आणि सोबतचा मदतनीस फॉर्म आणि सामान दोन्हीत उपयोगी पडतो.

औषधं हातसामानात, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह. रोजच्या गोळ्यांचा घोळ असा होतो: पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, त्यामुळे रात्रीची गोळी कुठल्या रात्रीची, हा प्रश्न पडतो. डॉक्टरांना विमानाच्या दोन्ही वेळा सांगून एका कागदावर भारतीय वेळेनेच लिहून घ्या, आणि उतरेपर्यंत आई-बाबांचं मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे अंदाजाने करू नये.

विमानातली हवा घराच्या मानाने फारच कोरडी असते. स्वच्छतागृहात जायला नको म्हणून पाणी न पिणारे ज्येष्ठ नेमके त्यामुळेच त्रासात पडतात. त्यांना आतल्या बाजूची, आइलची सीट द्या म्हणजे उठायला संकोच वाटत नाही. दर दोन तासांनी एक फेरी, बसल्याजागी घोटे फिरवणं, सैल कपडे. आधी पायात गुठळी झालेली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका.

घरची पिठं, मेतकूट, मसाले जमा करायच्या बॅगेत घाला. अमेरिकेच्या विमानात हातसामानातल्या ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पुडीची वेगळी तपासणी होते. सुकं खोबरं मात्र जमा करायच्या बॅगेतही चालत नाही. त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं.

जेट लॅग किती दिवस राहतो?

फरक साडेनऊ-साडेदहा तासांचा, म्हणजे दिवस-रात्र जवळपास उलटी. शरीर साधारण दिवसाला तासभर जुळवून घेतं, त्यामुळे पूर्ण बसायला आठवडाभर तरी लागतो. पहिले दोन-तीन दिवस पहाटे दोन-तीनला जाग येणार आणि दुपारी डोळे मिटणार. सकाळी पोचलात तर झोपू नका, तासभर उन्हात चाला. फारच जड झालं तर अर्ध्या तासाचा गजर लावूनच आडवे व्हा, आणि रात्री आठ-नऊपर्यंत जागं राहा. भारतात परतल्यावरचा त्रास बहुतेकांना जास्त जाणवतो, कारण झोप पुढे ढकलणं शरीराला जमतं, लवकर आणणं कठीण जातं. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडी चालवून गावी जायचा बेत करू नका.

विमान उतरलं असं ॲपवर दिसतंय, मग माणसं बाहेर का येत नाहीत?

‘लँडेड’ म्हणजे चाकं जमिनीला लागली, एवढंच. गेटपर्यंत दहा ते वीस मिनिटं, कधी गेट रिकामं नसेल तर आणखी. मग उतरणं, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स. न्यूयॉर्कला सकाळी लागोपाठ अनेक मोठी विमानं येतात तेव्हा या सगळ्याला दीड ते दोन तास लागतात; व्हीलचेअर असेल तरी तास धराच. भारतीय सिमकार्ड तिथे चालू नसेल तर फोन लागणार नाही. आधीच सांगून ठेवा: उतरल्यावर विमानतळाचं मोफत वाय-फाय जोडून एक निरोप, बॅगा मिळाल्यावर दुसरा. वाय-फाय नाहीच जमलं तर कुठल्या दाराशी थांबायचं, हे एका चिठ्ठीवर न्यायला येणाऱ्याच्या फोन नंबरासकट पासपोर्टमध्ये ठेवून द्या.